झुंबरची यादी, सुलाबाईचा ण

झुंबर गांगुर्डे माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. वीस वर्षांत त्यानं माझ्याकडे साखर कधी मागितली नाही, पण शब्द मागायला आठवड्यातून तीनदा जिना उतरून येतो. "उज्वलाताई, 'खुरपणं'चं सामान्यरूप 'खुरपण्या' की 'खुरपणा'?" असलं काहीतरी. दारात उभ्या उभ्या विचारतो, उत्तर वहीत लिहितो आणि जातो. चहाला थांबत नाही, कारण चहा त्यानं कधीच सोडला आहे. का सोडला, हे विचारायची मी चूक एकदा केली होती. पाऊण तास गेला.

मी नाशिकच्या एका दैनिकात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला आणि माझं स्वतःचं नाव मात्र चुकलेलं. खरं तर 'उज्ज्वला' हवं, दोन ज. शाळेत घालताना वडिलांनी एकच लिहिला, तोच दाखल्यावर, रेशनकार्डावर आणि शेवटी पेन्शनच्या कागदावर आला. कुठल्याही कॉम्प्युटरवर माझं नाव टाइप केलं की खाली लाल रेघ येते. झुंबरनं शब्द भरून दिलेल्या कॉम्प्युटरवर मात्र येत नाही. त्यामुळे या माणसाबद्दल माझं मत थोडं कलतं आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं.

त्याचं गाव दिंडोरी तालुक्यात. वडील गेले तेव्हा तो पाचवीत होता. आई, सुलाबाई, द्राक्षाच्या बागांत कामाला जायची आणि त्या कमाईवर तिनं त्याला दहावी केलं. मग तो नाशिकरोडला मामाकडे आला आणि टायपिंगला बसला. मिनिटाला शब्द मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस; त्या काळी आमच्या वस्तीत नोकरीची शिडी एवढीच होती. नोकरी काही लागली नाही, तेव्हा त्यानं उपनगर नावाच्या भागात मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत 'त्रिरश्मी टंकलेखन' नावाचा क्लास काढला. आजवर चार हजारांवर पोरं तिथून शिकून गेली. जिल्ह्यातल्या निम्म्या कचेऱ्यांत याचीच बोटं चालतात, असं तो म्हणत नाही, मी म्हणते. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणतो, राहून गेलं.

कॉम्प्युटर त्याच्या आयुष्यात एका बंद पडलेल्या छापखान्यातून आला. पहिले सहा महिने तो ते यंत्र नुसतं उघडत होता आणि परत मिटत होता. मग जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. वरच्या घरात भिंतीला नऊ कीबोर्ड टांगलेले आहेत, बिस्किटांच्या डब्यांत मेमरीच्या पट्ट्या आहेत, आणि एक जुना पाठमोठा मॉनिटर आहे. तो चालू असला की गरम होतो, म्हणून गावाहून त्याच्याकडे राहायला आलेली सुलाबाई त्याच्यावर मेथी वाळायला घालायची. झुंबरनं तक्रार केली नाही. मेथी वाळायची, यंत्र चालायचं.

त्याच्या श्रद्धाही याच गोतावळ्यात आहेत. एका बुद्धपौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना तो दुसऱ्या शीलापाशी अडकला. न दिलेली वस्तू घ्यायची नाही. आपल्या क्लासातल्या अकराही मशीनवर रस्त्यावरून आणलेल्या सीडीतलं चोरीचं सॉफ्टवेअर आहे, हे त्याला तिथं, हात जोडलेल्या अवस्थेत आठवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं अकराही मशीन साफ पुसली आणि लोक आपखुशीनं फुकट वाटतात ती प्रणाली घातली. मुलांनी बोंब मारली. तिघं समोरच्या क्लासला गेली. परीक्षेपुरतं एका मशीनवर त्यानं रीतसर परवान्याचं सॉफ्टवेअर आणलं आणि त्या एका मशीनपुढे रांग लागायला लागली. "चोरीच्या मशीनवर शिकायचं आणि सरकारी खुर्चीत बसायचं, हे बरं दिसत नाही," असं तो म्हणाला. रविवारी सकाळी त्रिरश्मी लेण्यांवर चढून जातो, शिलालेखांचे फोटो काढतो आणि घरी येऊन एकेक ब्राह्मी अक्षर मोठं करून बघत बसतो. तिथंही कुठे न आहे, कुठे ण आहे, असं त्याचं म्हणणं. मला ब्राह्मी येत नाही, म्हणून मी वाद घालत नाही. एरवी घालते.

वादाचा मोठा विषय म्हणजे त्याची यादी. मराठी लिहिताना कॉम्प्युटरनं चूक दाखवावी, यासाठी त्याला बरोबर शब्दांची यादी द्यावी लागते. झुंबर तशी यादी करतो आहे, गेली चौदा वर्षं, रोज. मोफत, कुणीही घ्यावी. शब्द दीड लाखाच्या वर गेले आहेत. वापरणारे तेवीस जण आहेत, त्यांतली एक मी. बाकीच्यांच्या याद्यांहून या यादीचं वेगळेपण असं की तिच्यात 'पाणी' आहे तसं 'पानी'ही आहे. 'आहे' आहे, 'हाय' आहे. 'नाय' आहे, 'लय' आहे, 'लोनी' आहे. सुरगाण्याकडच्या जीपमध्ये बसून त्यानं बायकांच्या तोंडून ऐकलेले शब्द आहेत. कशाखालीच लाल रेघ येत नाही.

"मग अशुद्ध म्हणून उरलं काय?" मी एकदा चिडून विचारलं.

"बोट घसरलं तर अशुद्ध," तो म्हणाला. "पाणीचं पाची झालं, ते अशुद्ध. तोंड चुकत नसतं, ताई. बोट चुकतं."

"आणि मी एकतीस वर्षं केलं ते काय होतं?"

"नोकरी."

चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

याच्या मागची गोष्ट मला नंतर कळली. तिसरीत असताना त्यानं निबंधात लिहिलं होतं, आमच्या गावात पानी नाय. गुरुजींनी त्याच्याखाली लाल शाईनं दोन रेघा ओढल्या आणि ते वाक्य वर्गाला वाचून दाखवलं. वर्ग हसला. त्यानं घरी येऊन आईला सांगितलं, तर आईला चूकच सापडेना. "पानी नाय तर नाय, मास्तरला हसाया काय झालं?" असं ती म्हणाली. आठवड्याभरात झुंबरनं न आणि ण पक्के केले, पुन्हा कधी चुकला नाही, आणि ती लाल रेघही विसरला नाही. मीही 'पानी'वालीच. पण माझं 'पानी' मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात गिळून टाकलं आणि त्याबद्दल मला कधी वाईटबिईट वाटलं नाही. माणसं सारखी नसतात.

यादीचा सगळ्यात मोठा झरा म्हणजे सुलाबाई. ती भाजी निवडताना, भांडताना, ओव्या म्हणताना जे बोलेल ते हा वहीत उतरवून घ्यायचा. "माझी आई म्हणजे चालता शब्दकोश," असं त्यानं एका कार्यक्रमात माइकवर सांगितलं. सुलाबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, लाजली.

दोन वर्षांपूर्वी वस्तीत प्रौढांचा साक्षरता वर्ग सुरू झाला. स्नेहा नावाची डी.एड. झालेली मुलगी दुपारी तीन ते चार विहारात शिकवायची. नावं घ्यायला ती घरी आली तेव्हा झुंबर म्हणाला, "आईला आता या वयात कशाला त्रास? तिला सगळं येतं." सुलाबाई पंचाहत्तर वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून तीनला पाच कमी असताना विहारात जाऊन बसली.

क ते ज्ञ तिनं चार महिन्यांत काढलं. नडला तो ण. तिला न आणि ण यांतला फरक ऐकूच यायचा नाही. "दोन्ही येकच तर हे," असं म्हणायची. घरी झुंबरच्या कामात अडथळा नको म्हणून पाटी घेऊन खाली माझ्याकडे यायची. मी उंबऱ्यात बसून शब्द सांगायचे, ती लिहायची. 'कोण'चा ण, लोण्याचा ण, दाण्याचा ण. दोन महिने. कानाला कळत नाही म्हटल्यावर तिनं सरळ पाठ करायला घेतलं, एकेक शब्द, बाजाराची यादी पाठ करावी तसा. परीक्षेत पास झाली. प्रमाणपत्राला प्लास्टिक लावून घेतलं आणि कीबोर्डांच्या शेजारी खिळा ठोकून टांगलं. झुंबरनं कॉलनीत पेढे वाटले. ण ची हकीकत त्याला ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती, आणि पुढे ऐन वेळी ती मला आठवली नाही, हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तर या वर्षी महिला मंडळानं ठरवलं की सुलाबाईच्या ओव्यांची पुस्तिका काढायची, बुद्धपौर्णिमेला विहारात तिच्याच हातून वाटायची. एकसष्ट ओव्या, अठ्ठेचाळीस पानं. टाइप झुंबर करणार, प्रूफ मी वाचणार. झुंबरनं मला बजावलं, "ताई, एका अक्षराला हात लावायचा नाही. ती म्हणते तसं." मी नाही लावला. पहिली ओवी अशी होती:

पाटाचं ग पानी, वळनं वळनं गेलं
माझ्या बाळाचं ग मन, साळंच्या दारी ठेलं

टाइप करताना तो फार खुशीत होता. आयुष्यभर ज्यासाठी यादी केली ती गोष्ट आता कागदावर उतरत होती. मुखपृष्ठावर त्यानं मोठ्या अक्षरांत टाकलं, 'सुलाबाईची गानी'. मला ते बघून बरं वाटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा अशुद्ध बघून बरं वाटलं, म्हणून मी स्वतःवरच खूश झाले.

छपाईला आठ दिवस राहिले असताना तो प्रूफं घेऊन वर निघाला, आईला दाखवायला. मलाही बोलावलं. सुलाबाईनं हात धुतले, चष्मा लावला, मुखपृष्ठ मांडीवर घेतलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. सु, ला, बा, ई, ची. गा. मग बोट थांबलं.

"हे चुकलंय," ती म्हणाली.

"नाय आई, मुद्दाम ठेवलंय," झुंबर हसून म्हणाला. आईशी तो तिच्यासारखंच बोलतो. "तू म्हनते तसंच."

"मी म्हनते तसं. मी ल्हिते तसं नाय." तिनं पान उलटलं, पुन्हा बोट ठेवलं. "हे बी चुकलंय. पाण्याला ण ऱ्हातो." हा ण तिनं जोर लावून, जीभ वर नेऊन म्हटला. "मला ण येतो, झुंबर."

झुंबर तिला समजावू लागला. गुरुजी, लाल शाई, बोलीचा मान, कुणाची भाषा शुद्ध हे कोण ठरवतं, सगळं. चांगलं बोलला, मला तरी पटलं. सुलाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लोकं म्हनतील, सुलाबाई शिकली पन तिला ण काय आला नाय."

"म्हनू दे की."

"तुझं काय जातं म्हनू द्याया? नाव माझं हे."

प्रूफं तिनं स्वतःच्या उशीखाली ठेवली. पुस्तिका तिच्या हातून वाटायची होती, आणि जे पान आपलं वाटत नाही ते ती वाटणार नव्हती, एवढं आम्हा दोघांना कळलं.

दुसऱ्या दिवशी झुंबर माझ्या दारात. "ताई, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल."

"काय सांगू? ती बरोबर आहे. ओव्या तिच्या, यादी तुझी."

"म्हणजे त्या गुरुजींचंच खरं?"

"गुरुजींनी तुझं लिहिलेलं खोडलं. तू तिचं शिकलेलं खोडलंस." हे मी बोलून गेले, आणि बोलल्यावर मला माझ्या उंबऱ्यातली पाटी आठवली.

संध्याकाळी सुलाबाई खाली आली आणि लाल पेन मागितलं. पेन्शनरांच्या घरात लाल पेन मिळणं अवघड, पण मुद्रितशोधकाच्या घरात मिळतं. चार दुपारी ती प्रूफं घेऊन खिडकीत बसली. पाचव्या दिवशी गठ्ठा झुंबरच्या हातात दिला. तो जसाच्या तसा माझ्याकडे घेऊन आला.

मी सवयीनं मोजलं. दोनशे बासष्ट खुणा होत्या. दोनशे एकोणीस अगदी बरोबर. पाणी, वळण, दळण, आणि, कोण, सगळं जागच्या जागी. शब्दाच्या सुरुवातीला ण येत नाही हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून 'नाव'ला आणि 'नदी'ला धक्का लागला नव्हता. उरलेल्या त्रेचाळीस ठिकाणी तिनं ज्याला नको त्यालाही ण दिला होता. सूण. ऊण. धण. जीवण. आणि पहिल्याच ओवीत, माझ्या बाळाचं ग मण.

मी हसले. मणाचं, म्हणजे चाळीस शेरांचं, बाळ शाळेच्या दारात ठेवलेलं डोळ्यांपुढे आलं आणि हसूच फुटलं. झुंबर हसला नाही. मग माझंही हसू राहिलं.

पेच असा होता. आहे तसं छापलं तर विहारात कुणीतरी मोठ्यानं वाचणार आणि सगळे हसणार, आणि ज्याला ती भीत होती तेच होणार.

"गुपचूप नीट करून टाकू," मी म्हटलं. "छापून आल्यावर कोण बघतंय?"

"ती बघेल. तिला वाचता येतं, ताई."

म्हणजे तिच्या समोर बसून, तुझं चुकलं आहे, हे सांगायचं. हे कुणी सांगायचं, तर ज्यानं चौदा वर्षं कुणाच्याच शब्दाखाली रेघ ओढली नाही त्यानं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, आई तुझी आहे. तरी त्याच्या मागोमाग जिना चढले, कारण त्याला एकट्याला जाववेना, हे दिसत होतं.

सुलाबाई मेथी निवडत होती. झुंबर तिच्यापुढे फरशीवर बसला.

"आई, हे बघ. 'मन'. याला 'न'च हे."

"का? पाण्याला ण, मग मनाला का नाय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. दीड लाख शब्दांचा मालक आणि एकतीस वर्षांची मुद्रितशोधक, दोघांकडेही नियम नव्हता.

"असंच असतं, मावशी," मी म्हटलं. "पाठ करायचं."

"किती चुकलं?"

"त्रेचाळीस," झुंबर म्हणाला. आवाज खाली गेला होता.

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. कागद घेतला, लाल खुणांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडेल किंवा चिडेल. दोन्ही नाही.

"तुला कवा आला ण?"

"तिसरीत. ते हसले त्यानंतर आठवड्यात."

"म्हंजे पन्नास वरीस होत आली."

"हो."

"चार हजार पोरं शिकवली तू. मी रोज तुझ्यासमोर पानी म्हनत होते, आन तू वहीत ल्हून घेत होता. मला येकदाबी का नाय सांगितलं?"

"मला तुझं बोलनं आवडायचं, आई," झुंबर म्हणाला.

"मला शिकायचं व्हतं," सुलाबाई म्हणाली.

झुंबर रडला. छप्पन्न वर्षांचा माणूस, फरशीवर बसून, माझ्यासमोर. मी खिडकीकडे तोंड केलं. मलाही रडू येत होतं आणि ते त्याच्यासाठी होतं की तिच्यासाठी, हे तेव्हा कळलं नाही. तिच्यासाठी होतं. आजही तिच्यासाठीच येतं.

मग त्यानं चष्मा पुसला, कपाटामागून तिची पाटी काढली आणि तिच्या शेजारी सरकून बसला. त्रेचाळीस शब्द होते. तो एकेक सांगत होता, ती लिहीत होती, चुकलं की तो म्हणत होता, चुकलं, आणि ती पुसून परत लिहीत होती. पुस्तिका वेळेवर निघाली, पण ते पुढचं. त्या दुपारी दीड तास लागला. उपनगरला चारची बॅच कुलुपापुढे उभी होती आणि त्याचा फोन तीनदा वाजला. त्यानं उचलला नाही.